विश्लेषण : पोलिसी अत्याचाराच्या चौकशीसाठी ६३ दिवसांचे उपोषण! कोण होते सेवाग्रामचे प्राध्यापक भन्साळी?

पोलीस ठाण्यात मोबाइलवर चित्रीकरण करणे हा शासकीय गुपिते कायद्याखाली गुन्हा ठरत नाही, असा निर्वाळा मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने जुलै २०२२ मध्ये दिला. हे प्रकरण वर्ध्यातले होते. शेजाऱ्याशी झालेल्या वादावरून ठाण्यात गेलेल्या एका नागरिकावर तेथील चर्चेचे चित्रीकरण केल्याबद्दल २०१८ मध्ये गुन्हा नोंदवण्यात आला होता. पोलीस काय करतात हे नागरिकाने पाहायचे, नोंदवायचे आणि त्याचा जाब विचारायचा, हा वाद याच परिसराने ऐंशी वर्षांपूर्वीही अनुभवला होता. वर्धा शहराला लागून असलेल्या बोरगाव मेघेपासून काही किलोमीटरवरील सेवाग्राम आश्रमात राहणारे जयकृष्ण प्रभुदास भन्साळी यांनी त्यासाठी प्राण पणाला लावले होते.

भन्साळी कोण होते?

मूळचे गुजराती असलेले भन्साळी गुजरात विद्यापीठात प्राध्यापक होते. त्यामुळे ‘प्राध्यापक’ ही उपाधी त्यांच्या नावाला कायमची चिकटली. साबरमती आश्रमात ते गांधीजींच्या सहवासात आले आणि पुढे विरक्तीच्या वाटेला लागले. अनेक वर्षे ते देशभर पायी भटकले. मौन मोडू नये म्हणून त्यांनी ओठ तारेने शिवून घेतले होते. कच्चे पीठ आणि कडुनिंबाचा पाला हा त्यांचा आहार होता. गांधीजींनी समजूत घालून त्यांना या कठोर साधनेतून बाहेर काढले. मग ते सेवाग्रामला स्थिरावले आणि सूतकताई व शिकवण्यात रमले. राजकारणाशी त्यांचा फारसा संबंध नव्हता. म्हणूनच १९४२ मध्ये ते सरकारविरुद्ध उभे ठाकले तेव्हा अनेकांना आश्चर्य वाटले.

चिमूरमध्ये काय घडले होते?

‘चले जाव’ आंदोलन सुरू होऊन आठवडा होतो न होतो तोच, १६ ऑगस्ट १९४२ रोजी, नागपंचमीच्या दिवशी, तेव्हाच्या चांदा जिल्ह्यातील चिमूर आणि वर्धा जिल्ह्यातील आष्टी येथे उद्रेक झाला. चिमूरमध्ये गोळीबारानंतर जमाव बिथरला. उपविभागीय अधिकारी, नायब तहसीलदार आणि पोलीस जमावाच्या हातून मारले गेले. त्यानंतर गावात लष्कर व पोलिसांच्या तुकड्या उतरल्या. पुरुषांची सरसकट धरपकड झाली. घरे लुटल्याच्या आणि स्त्रियांवर अत्याचार झाल्याच्या तक्रारी बाहेर येऊ लागल्या. नागपूरहून डॉ. बा. शि. मुंजे, अनसूयाबाई काळे आदींनी चिमूरला जाऊन माहिती घेतली. मध्य प्रांत सरकारने मात्र आरोप फेटाळले आणि स्वतंत्र चौकशीची मागणी नाकारली.

जमावाच्या हिंसेबद्दल खटले चालले, अनेकांना फाशीच्या शिक्षाही झाल्या. पण गणवेशातील माणसांवरच्या आरोपांची तपासणी कोण करणार, हा प्रश्न अनुत्तरित राहिला. भन्साळींनी नेमका तोच लावून धरला.

उपोषण कसे सुरू झाले?

नोव्हेंबरच्या सुरुवातीला भन्साळी दिल्लीला गेले. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात तेव्हा विदर्भातले लोकनायक बापूजी अणे सदस्य होते. चौकशी करवून घ्यावी, नाही तर राजीनामा द्यावा, अशी भन्साळींची त्यांच्याकडे मागणी होती. सरकारने भन्साळींना दिल्लीतून परत पाठवले. ११ नोव्हेंबरपासून त्यांचे दीर्घ उपोषण सुरू झाले. उपाशीपोटीच ते चिमूरच्या वाटेला लागत आणि पोलीस त्यांना परत आणत. पुण्यात आगाखान पॅलेसमध्ये स्थानबद्ध असलेल्या गांधीजींनी त्यांच्याशी थेट संपर्काची परवानगी मागितली. तीही मिळाली नाही.

सरकारने बातमीच का रोखली?

उपोषण लांबले तशी चिमूरची चर्चा देशभर होऊ लागली. त्यावर सरकारने भन्साळींच्या उपोषणाच्या बातम्यांवरच बंदी घातली. याचा निषेध म्हणून अखिल भारतीय वृत्तपत्र संपादक परिषदेच्या आवाहनानुसार ६ जानेवारी १९४३ रोजी देशातील अनेक वृत्तपत्रांनी एक दिवस अंक काढला नाही. सरकारी मानसन्मानांची नववर्षाची यादी न छापण्याचाही निर्णय झाला. एका खेड्यातील तक्रारींचा प्रश्न आता वृत्तपत्र स्वातंत्र्याचा प्रश्न झाला होता.

शेवट कसा झाला?

१२ जानेवारी १९४३ रोजी, ६३ व्या दिवशी, तडजोड होऊन उपोषण सुटले. बातम्यांवरील बंदी उठली. पण ज्या निःपक्ष चौकशीसाठी उपोषण होते, ती झाली नाही. पुढच्याच महिन्यात गांधीजींच्या उपोषणाच्या वेळी अणे यांनी कार्यकारी मंडळाचा राजीनामा दिला. भन्साळींनी नंतरची वर्षे नागपूर जिल्ह्यातील टाकळी येथे आश्रम आणि ग्रामसेवेत घालवली. त्या गावाच्या नावाला आज त्यांचे नाव जोडलेले आहे.

म्हणजे भन्साळींना यश मिळाले ते अर्धेच. चिमूरमध्ये काय झाले हे देशाला कळले, पण त्याचा जाब कोणाला द्यावा लागला नाही.

आज कायदा काय सांगतो?

शासकीय गुपिते कायदा १९२३ चा, म्हणजे भन्साळींच्या काळातलाच. त्यातील ‘प्रतिबंधित ठिकाणा’च्या व्याख्येत पोलीस ठाण्याचा समावेश नाही, या आधारे नागपूर खंडपीठाने वर्ध्यातील गुन्ह्यातून हे कलम बाद ठरवले. त्याआधी २ डिसेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने परमवीरसिंह सैनी प्रकरणात प्रत्येक पोलीस ठाण्यात आवाजासह चित्रीकरण करणारे सीसीटीव्ही बसवण्याचा आणि चित्रण १८ महिने, ते शक्य नसल्यास किमान वर्षभर जपण्याचा आदेश दिला. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ नुसार झडती व जप्तीचे चित्रीकरण पोलिसांनी स्वतःच करायचे आहे.

याचा अर्थ नागरिकाला मोकळे रान आहे असा नाही. पोलिसांच्या कामात अडथळा आणल्यास भारतीय न्याय संहितेचे कलम २२१ लागू होऊ शकते. लैंगिक अत्याचारातील पीडितेची ओळख उघड करणे हाही गुन्हा आहे. अंतर राखून, हुज्जत न घालता चित्रीकरण करावे आणि ते समाजमाध्यमावर टाकण्याऐवजी वरिष्ठ अधिकारी, न्यायालय किंवा मानवी हक्क आयोगापुढे पुरावा म्हणून ठेवावे, हेच हिताचे.

भन्साळींची आठवण आज कशासाठी?

तेव्हा चिमूरच्या स्त्रियांकडे स्वतःच्या शब्दापलीकडे पुरावा नव्हता आणि सरकारने तो शब्दच खोटा ठरवला. आज पुरावा अनेकदा खिशातल्या मोबाइलमध्ये असतो. पण चित्रफीत असली तरी तिची दखल घेणारी, पोलिसांच्या दबावाखाली नसलेली चौकशी लागतेच. भन्साळींनी ६३ दिवस मागितली ती हीच गोष्ट.