कूस राखणारे डॉक्टर बॉनी

पोटात गाठ आहे असे डॉक्टरांनी सांगितले की पहिला विचार येतो तो जिवाचा. बाई तरुण असेल तर लगेच दुसरा येतो तो मुलाबाळांचा. हा दुसरा विचार ज्यांनी शस्त्रक्रियेच्या टेबलापाशीही सोडला नाही, अशा एका इंग्रज सर्जनची हकिकत मी लिहीत आहे. त्यांचे नाव व्हिक्टर बॉनी. विलायतेत सर्जनला डॉक्टर न म्हणता मिस्टर म्हणण्याची रीत आहे, पण आपण आपले डॉक्टरच म्हणू.

बॉनींचा जन्म लंडनच्या चेल्सी भागात १८७२ साली झाला. वडीलही डॉक्टरच होते. शिक्षण संपल्यावर ते मिडलसेक्स हॉस्पिटलात लागले आणि स्त्रियांच्या शस्त्रक्रिया हेच त्यांचे आयुष्यभराचे काम झाले. हात चित्रकाराचा होता. १९११ साली डॉ. कॉमिन्स बर्कली यांच्यासह त्यांनी या विषयावर मोठा ग्रंथ लिहिला, त्यातील आकृत्या त्यांनी स्वतः काढल्या.

बीजकोशाची, म्हणजे अंडाशयाची गाठ काढण्याचे धाडस त्यांच्या फार पूर्वी झाले होते. अमेरिकेत केंटकी राज्यातील डॅनव्हिल गावी १८०९ साली डॉ. मॅक्डॉवेल यांनी जेन क्रॉफर्ड नावाच्या बाईंच्या पोटातून साडेबावीस पौंडांची गाठ काढली. भूल देण्याचे औषध तेव्हा निघालेलेच नव्हते. त्या माउली साठ मैल घोड्यावर बसून आल्या, शुद्धीवर असताना पोट फाडून घेतले आणि पुढे बत्तीस वर्षे जगल्या! मला तर डॉक्टरांपेक्षा त्या बाईंचेच धैर्य मोठे वाटते.

पुढे भूल आली, जंतुनाशके आली, बायका वाचू लागल्या. पण एक रीत पडून गेली. गाठ असेल तो बीजकोश सबंध काढायचा, आणि गर्भाशयात गाठी असतील तर गर्भाशयच काढायचे. काम लवकर होई, रक्तही कमी जाई. मात्र दोन्ही बीजकोशांना गाठी निघाल्या तर ऐन पंचविशीत पाळी कायमची बंद होई आणि कूस उजवण्याची आशाच संपे.

बॉनींना हे दुःख घरातच भेटले. १९०५ साली त्यांचे अ‍ॅनी यांच्याशी लग्न झाले. पुढे गर्भाशयातील गाठींमुळे अ‍ॅनीबाईंना अतिशय रक्तस्राव होऊ लागला आणि त्यांचे गर्भाशय काढावे लागले. त्या दोघांना मूल झाले नाही. मूल नाही म्हणून बाईने काय काय ऐकावे लागते ते आपल्याला सांगायला नको. विलायतेत बोलणी कमी बसत असतील, पण पाळणा रिकामा तो रिकामाच.

बॉनींनी मग गर्भाशय ठेवून नुसत्या गाठी काढण्यास सुरुवात केली. रक्त जाते म्हणून पुष्कळ सर्जन या कामाला भीत. बॉनींनी रक्तवाहिन्या तेवढ्या वेळेपुरत्या दाबून धरणारा एक चिमटा तयार केला. तो आजही त्यांच्या नावाने ओळखतात.

हाच विचार त्यांनी बीजकोशाला लावला. साधी गाठ वाढते तेव्हा चांगला बीजकोश नाहीसा होत नाही, तो गाठीवर मोदकाच्या पारीसारखा पातळ ताणला जातो. ती पारी बेताने चिरायची, आतली गाठ न फोडता सोडवून घ्यायची, आणि उरलेली पारी दुमडून शिवायची. तेवढ्या भागातूनही पाळी चालू राहते आणि दिवस राहू शकतात. या दोन्ही शस्त्रक्रियांवर त्यांनी १९४६ साली स्वतंत्र पुस्तक लिहिले.

यावरून ते काढण्याला भिणारे होते असे कोणी समजू नये. गर्भाशयाच्या तोंडाच्या कर्करोगासाठी सगळे दूर करणारी अवघड शस्त्रक्रिया त्यांनी सुमारे पाचशे बायकांवर केली. जिथे जीव जातो तिथे कुशीचा हट्ट नाही, आणि जिथे जीवाला धोका नाही तिथे उगाच काही कापायचे नाही, असा त्यांचा हिशेब होता.

आज हा हिशेब आणखी पुढे गेला आहे. साध्या गाठी दुर्बिणीतूनही काढतात. कर्करोग लवकर सापडला, एकाच बीजकोशात असला आणि फार जहाल जातीचा नसला, तर तरुण बाईचा तेवढाच बीजकोश नळीसह काढून, पोटातील बाकीचा भाग नीट तपासून, दुसरा बीजकोश व गर्भाशय राखता येते. एका बीजकोशावरही मूल होते. रोग पसरला असेल तर मात्र हे चालत नाही. म्हणून मूल हवे असेल तर ते शस्त्रक्रियेच्या आधीच डॉक्टरांना स्पष्ट सांगावे. लाजून गप्प बसलेल्या बायका मी पाहिल्या आहेत, आणि त्यांच्या वतीने सासूबाईंनी भलतेच उत्तर दिलेलेही ऐकले आहे.

डॉ. बॉनी १९५३ साली वारले. त्यांच्या ग्रंथाच्या पुढच्या आवृत्त्या इतर सर्जनांनी काढल्या, आणि त्यावर नाव बॉनींचेच ठेवले.