लॅन केबलच्या तारांना पीळ का असतो? उत्तर ग्रॅहॅम बेल यांच्या टेलिफोनमध्ये

राउटरपासून टीव्हीपर्यंत टाकायची लॅन केबल सोलली की आत तारांच्या चार रंगीत जोड्या दिसतात. प्रत्येक जोडीतल्या दोन तारा एकमेकींभोवती पिळलेल्या असतात. या पिळाचे पेटंट टेलिफोनचे जनक अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांच्या नावावर आहे.

बेल यांचा जन्म ३ मार्च १८४७ रोजी स्कॉटलंडमधील एडिंबरा शहरात झाला. आईला कमी ऐकू येई, तर वडील उच्चारशास्त्राचे शिक्षक. दोन्ही भाऊ क्षयाने गेल्यावर १८७० मध्ये कुटुंब कॅनडाला गेले. पुढे बेल बोस्टनमध्ये कर्णबधिरांना शिकवू लागले. त्यांच्या पत्नी मेबल याही कर्णबधिर आणि त्यांच्याच विद्यार्थिनी. ७ मार्च १८७६ रोजी टेलिफोनचे पेटंट मिळाले आणि तीनच दिवसांनी सहायक वॉटसन यांनी तारेतून त्यांचे बोलणे ऐकले.

खरी डोकेदुखी त्यानंतर सुरू झाली. टेलिफोनला तेव्हा एकच तार असे, परतीचा प्रवाह जमिनीतून जाई. शेजारून टेलिग्राफची तार गेली असेल, तर तिची टकटक टेलिफोनमध्ये घुसे आणि बोलणे बुडून जाई. ऐकूच आले नाही, तर टेलिफोन घेणार कोण? बेल यांनी परतीसाठी दुसरी तार घेतली आणि दोन्हींना पीळ दिला. त्यामुळे बाहेरचा गोंगाट दोन्ही तारांत जवळपास सारखाच शिरतो. पलीकडचे यंत्र फक्त दोन तारांमधला फरक वाचते, म्हणून गोंगाट गळून पडतो. हे पेटंट १८८१ चे.

घरी केबल टाकताना नेमका हाच पीळ बिघडतो. कनेक्टर बसवताना जोड्या १३ मिलिमीटरपेक्षा जास्त उलगडू नयेत. विजेच्या वायरसोबत एकाच पाइपात लॅन केबल घालू नये; ओलांडावीच लागली तर काटकोनात ओलांडावी. साध्या घराला कॅट ६ पुरते, मात्र ती शुद्ध तांब्याची हवी. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची केबल स्वस्त पडते, पण ती लवकर तुटते.

गंमत म्हणजे, बेल यांना स्वतःला टेलिफोनपेक्षा फोटोफोनचा अभिमान जास्त होता. १८८० मध्ये त्यांनी प्रकाशाच्या झोतावरून आवाज पाठवला होता. आज घरापर्यंत येणाऱ्या फायबरमध्येही प्रकाशच धावतो. २ ऑगस्ट १९२२ रोजी बेल यांचे निधन झाले. अंत्यसंस्काराच्या वेळी उत्तर अमेरिकेतले टेलिफोन एक मिनिट बंद ठेवण्यात आले.