भास्कराचार्य (द्वितीय)

भास्कराचार्य (द्वितीय) (जन्म : शके १०३६, इ.स. १११४) हे बाराव्या शतकातील गणितज्ञ व ज्योतिर्विद होते. लीलावती, बीजगणित, ग्रहगणित आणि गोलाध्याय या चार भागांचा सिद्धान्तशिरोमणी हा त्यांचा प्रमुख ग्रंथ होय. सातव्या शतकातील भास्कर (प्रथम) यांच्यापासून वेगळे ओळखता यावे म्हणून त्यांच्या नावापुढे 'द्वितीय' असे लिहिले जाते.

जीवन

भास्कराचार्यांचे गोत्र शाण्डिल्य. वडील महेश्वर हे स्वतः ज्योतिषी असून तेच त्यांचे गुरू होते. सह्याद्रीच्या परिसरातील विज्जडविड हे आपले गाव असल्याचे गोलाध्यायात नमूद आहे. हे गाव म्हणजे मराठवाड्यातील बीड असे काही अभ्यासक मानतात, काही विजापूर मानतात, तर काहींच्या मते ते जळगाव जिल्ह्यातील चाळीसगाव तालुक्यातल्या पाटण या गावाजवळ असावे. शिलालेखाचा पुरावा पाटणकडे झुकतो, मात्र तो भास्कराचार्यांच्या वंशजांचा आहे, त्यांच्या जन्मस्थानाचा नव्हे.

सिद्धान्तशिरोमणी इ.स. ११५० मध्ये, वयाच्या ३६ व्या वर्षी पूर्ण झाला. करणकुतूहल हा पंचांगगणिताचा सुटसुटीत ग्रंथ त्यांनी इ.स. ११८३ मध्ये, म्हणजे एकोणसत्तराव्या वर्षी रचला. लीलावती ही त्यांची कन्या होती व तिच्या विवाहाचा मुहूर्त हुकला, ही सर्वपरिचित कथा फैजीने इ.स. १५८७ मध्ये केलेल्या फारसी भाषांतरातून प्रसृत झाली. भास्कराचार्यांच्या स्वतःच्या लेखनात तिला आधार नाही.

गोलाचे पृष्ठफळ

चक्रवाल पद्धत आणि ग्रहांच्या तात्कालिक गतीचा विचार यांसाठी भास्कराचार्यांचे नाव नेहमी घेतले जाते. गोलाच्या पृष्ठफळाचे त्यांचे गणित त्या मानाने कमी परिचित आहे, परंतु निश्चित संकलनाचे आसन्न मूल्य काढण्याच्या इतिहासात त्याला महत्त्वाचे स्थान आहे.

आठव्या शतकातील लल्ल या मान्यवर आचार्यांनी वर्तुळाच्या क्षेत्रफळास परिघाने गुणले असता गोलाचे पृष्ठफळ मिळते, असा नियम दिला होता. भास्कराचार्यांनी तो स्पष्टपणे चुकीचा ठरवला. त्यांचा पहिला युक्तिवाद कापडाचा आहे. ज्याचा व्यास गोलाच्या अर्ध्या परिघाएवढा आहे असे गोल कापड अर्धगोलावर पांघरले, तर तो पूर्ण झाकला जातो आणि चुण्यांच्या रूपाने काही कापड शिल्लकही राहते. या कापडाचे क्षेत्रफळ गोलाच्या मध्यवर्तुळाच्या सुमारे अडीचपट भरते. म्हणजे संपूर्ण गोलाचे पृष्ठफळ मध्यवर्तुळाच्या पाचपटीपेक्षा कमीच असले पाहिजे. लल्लांच्या नियमाने ते परिघाएवढ्या पटीत येते. गोल जितका मोठा, तितकी चूक मोठी, आणि पृथ्वीच्या पृष्ठफळासाठी हा नियम वापरल्यास उत्तर हास्यास्पद येते.

केवळ खंडन करून ते थांबले नाहीत. सिद्धान्तशिरोमणीवरील आपल्याच वासनाभाष्यात त्यांनी आवळ्याच्या फोडींची उपमा देऊन खरे मूल्य काढले. गोलाचा परीघ ९६ एकके धरावा आणि त्याच्या वरून खालपर्यंत ९६ फोडी कल्पाव्यात. मध्यभागी प्रत्येक फोडीची रुंदी १ एकक होते, टोकांकडे ती शून्यापर्यंत निमुळती होत जाते. अर्ध्या फोडीचे आडव्या रेघांनी १ एकक उंचीचे २४ तुकडे करावेत. प्रत्येक रेघेपाशी असलेली रुंदी ज्यांच्या कोष्टकावरून मिळते : त्या ठिकाणच्या ज्येला ३४३८ या त्रिज्येने भागले की झाले. प्रत्येक तुकडा समलंब चौकोन मानून वरच्या व खालच्या रुंदीची सरासरी घ्यायची आणि बेरीज करायची.

या बेरजेत शेवटची वगळता प्रत्येक ज्या दोन तुकड्यांत निम्मी निम्मी, म्हणजे एकदा पूर्ण येते. शेवटची ज्या म्हणजे खुद्द त्रिज्या, ती मात्र निम्मीच येते. २४ ज्यांची बेरीज ५४२३३ आहे. तीतून अर्धी त्रिज्या १७१९ वजा केल्यास ५२५१४ उरतात. पूर्ण फोडीसाठी या संख्येला १७१९ ने भागले की ३० पूर्णांक ३३/६० मिळतात. ९६ परिघाच्या गोलाचा व्यासही तितकाच असतो. म्हणून एका फोडीचे क्षेत्रफळ व्यासाइतके, आणि ९६ फोडींचे, म्हणजे गोलाचे पृष्ठफळ परीघ गुणिले व्यास.

आजच्या भाषेत हा समलंब नियम होय. दोन बिंदूंना जोडणारी सरळ रेघ ज्येच्या वक्राच्या आतून जात असल्याने या नियमाने उत्तर किंचित कमी येते. दशांशात भास्कराचार्यांची बेरीज ३०.५४९ भरते, तर अचूक मूल्य ३०.५५८ आहे. दोन संख्या साठांशापर्यंत जुळल्या म्हणून त्या सर्वथा समान आहेत, हे मात्र काटेकोर अर्थाने सिद्ध होत नाही. तुकडे अमर्याद लहान करून तीच बेरीज पूर्णत्वास नेण्याचे काम पुढे केरळमधील गणितज्ञांनी केले, ते ज्येष्ठदेवांच्या युक्तिभाषा या ग्रंथात आढळते.

घनफळासाठी भास्कराचार्यांनी गोलाच्या केंद्रापाशी टोक असलेल्या असंख्य सूचींची कल्पना केली. प्रत्येक सूचीचे घनफळ तळ व उंची यांच्या गुणाकाराच्या एक तृतीयांश असल्याने, पृष्ठफळास व्यासाने गुणून ६ ने भागण्याचा लीलावतीतील नियम सिद्ध होतो.

वंशज आणि टीकाकार

पुत्र लक्ष्मीधर यांना यादव राजा जैत्रपाल यांनी आपल्या पंडितांत अग्रस्थान दिले. नातू चांगदेव हे सिंघण यादवांचे राजज्योतिषी होते. आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्यांनी पाटण येथे मठ स्थापन केला. शके ११२८ (इ.स. १२०७) मध्ये या मठाला निकुंभ घराण्यातील सोइदेव यांनी दिलेल्या दानाची नोंद तेथील शिलालेखात असून त्याचा शेवटचा भाग जुन्या मराठीत आहे. हा लेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी प्रकाशात आणला.

मराठवाड्यातही या ग्रंथांचे अध्ययन चालू राहिले. गोदाकाठच्या पार्थपूर, म्हणजे परभणी जिल्ह्यातील पाथरी येथील ज्ञानराज यांनी सोळाव्या शतकाच्या आरंभी सिद्धान्तसुंदर हा स्वतंत्र ग्रंथ लिहिला, तर त्यांचे पुत्र सूर्यदास यांनी बीजगणितावर सूर्यप्रकाश व लीलावतीवर गणितामृतकूपिका या टीका रचल्या. हेन्री टॉमस कोलब्रुक यांचे लीलावती व बीजगणिताचे इंग्रजी भाषांतर इ.स. १८१७ मध्ये लंडन येथे प्रसिद्ध झाले. आवळ्याच्या फोडींचे गणित मात्र गोलाध्यायाच्या भाष्यात असल्याने या भाषांतरात आलेले नाही.