मोटार पुसणाऱ्याचं पहिलं प्रदर्शन

आमच्या जवळा बाजारात दुकानांच्या पाट्या रंगवणारा एक मुलगा आहे. हल्ली पाट्या फ्लेक्सवर छापून येतात, त्यामुळे त्याच्याकडे काम कमी आणि वेळ भरपूर. त्या वेळात त्यानं चित्रं काढली. हळद शिजवायच्या कढया, बाजारात पाल ठोकून बसलेल्या बाया, औंढ्याच्या देवळाच्या भिंतीवरची शिल्पं. गेल्या महिन्यात तीसेक कागदांची गुंडाळी घेऊन तो माझ्याकडे आला. मी कादंबऱ्या लिहितो म्हणजे मला चित्रांतलंही कळत असणार, असा गावाचा समज आहे. तो दूर करण्याचा प्रयत्न मी केव्हाच सोडून दिला.

त्याचा प्रश्न साधा होता. प्रदर्शन शाळेच्या वर्गात भरवावं, की मुंबईच्या जहांगीरमध्ये जागा मिळेपर्यंत थांबावं? वडिलांचं म्हणणं निराळंच. पोरानं ब्रश ठेवून द्यावेत, फ्लेक्सचं मशीन घ्यावं आणि त्यासाठी कर्ज कसं मिळतं ते मी सांगावं.

मी छत्तीस वर्षं बँकेत काढली. सुरुवातीच्या काळात असाच एक चित्रकार माझ्या टेबलाशी आला होता. रंग आणि कॅनव्हाससाठी त्याला थोडं कर्ज हवं होतं. मी तारण विचारलं. त्यानं पिशवीतून दोन चित्रं काढून पुढं ठेवली. मी हसलो आणि अर्ज परत दिला. नियमानं बरोबरच होतं ते. पण तो पुन्हा कधी आला नाही, आणि ते हसणं मला अजून टोचतं. म्हणून या वेळी उत्तराची घाई केली नाही. मुलाला बसवलं, चहा मागवला आणि के. एच. आरांची गोष्ट सांगितली. तीच आज वाचकांना सांगतो.

कृष्णाजी हौलाजी आरा. जन्म १६ एप्रिल १९१४, सिकंदराबादजवळच्या बोलारम इथला. बोलारम म्हणजे निजामाच्या मुलखातली इंग्रजांची छावणी. आमचा परभणी जिल्हाही तेव्हा निजामाच्याच राज्यात. (हिंगोली जिल्हा वेगळा झाला तो १९९९ साली.) बोलारमवरून निघणारा जुना मीटरगेज रेल्वेमार्ग नांदेड, पूर्णा, परभणीवरूनच मनमाडला जायचा. म्हणजे नकाशावर हा माणूस आपल्याच वाटेवरचा.

वडील मोटार चालवायचे. आई गेली तेव्हा पोर तीन वर्षांचं होतं. वडिलांनी दुसरं लग्न केलं. सातेक वर्षांचा असताना मुलगा घरातून पळाला आणि मुंबईला आला. आपल्या घरातली सात वर्षांची मुलं बुटाची नाडी बांधायला आईला हाक मारतात. हा लोकांच्या घरी गडी म्हणून राबला, मोटारी धुतल्या, पुसल्या. शाळा राहिली ती राहिलीच. १९३० साली मिठाचा सत्याग्रह पेटला, तेव्हा सोळा वर्षांचा हा पोरगा त्यात सामील झाला आणि तुरुंगात गेला. सुटून आल्यावर पुन्हा तेच काम. एका जपानी कंपनीच्या मोटारी पुसायच्या आणि वाळकेश्वरच्या नोकरांच्या लहानशा खोलीत राहायचं.

त्या खोलीत चित्रं होत होती. इथून पुढं मी आरांना अहोजाहो करतो, कारण तो मान त्यांनी स्वतः कमावला आहे.

कुणी शिकवलं? आधी कुणीच नाही. दिवसाचं काम आटोपलं की कागद, पाण्यात कालवायचे रंग आणि समोर असेल ती वस्तू. फुलं, फळं, मडकी. तैलरंग आणि कॅनव्हास परवडायचे नाहीत, त्यामुळे जलरंग आणि त्याहून घट्ट गुवाश हीच त्यांची सुरुवातीची साधनं. गंमत अशी, की पुढं हीच अडचण त्यांची ओळख झाली. त्यांची फुलदाणी नाजूक नसते. ती ठाण मांडून बसलेली असते. शिकलेल्या चित्रकाराला ज्या चुका करायची लाज वाटली असती, त्या आरांनी बेधडक केल्या आणि त्यांतूनच त्यांचं चित्र उभं राहिलं, असं मला वाटतं. जाणकारांना वेगळं वाटू शकेल.

इथं थोडं जगात डोकवायला हवं. हिटलरच्या छळामुळे युरोपातून परागंदा झालेली काही माणसं त्या काळात मुंबईत आली होती. जर्मनीचे रुडॉल्फ फॉन लायडन टाइम्स ऑफ इंडियात कलासमीक्षा लिहीत. व्हिएन्नाचे वॉल्टर लँगहॅमर त्याच वृत्तपत्रात कलासंचालक होते. स्वतःचं घरदार मागं टाकून आलेल्या या माणसांनी, घरातून पळालेल्या एका गाडी पुसणाऱ्याची चित्रं पाहिली. मुख्य म्हणजे ती नीट पाहिली. फॉन लायडननी पाठ थोपटली. लँगहॅमरच्या प्रोत्साहनानं आरा केतकरांच्या कलासंस्थेत शिकायलाही गेले. रंग, कागद, वेळ, चार ओळखी, सगळं थोडं थोडं जमत गेलं. बँकेच्या भाषेत सांगायचं तर तारण काहीच नव्हतं, जामीनदार मात्र फार चांगले मिळाले.

आणि १९४२ साली मुंबईत आरांच्या एकट्याच्या चित्रांचं पहिलं प्रदर्शन लागलं. ते कुठल्या आर्ट गॅलरीत नव्हतं. ज्या जहांगीरसाठी आमचा मुलगा थांबायला निघाला होता, ती उघडली १९५२ साली, म्हणजे दहा वर्षांनी. आरांच्या चरित्रनोंदींत या पहिल्या प्रदर्शनाची जागा म्हणून चेतना या उपाहारगृहाचं नाव येतं. म्हणजे समोर जेवणारी माणसं आणि भिंतीवर आरा. युद्ध चालू, देशात चले जावची धामधूम, आणि अठ्ठावीस वर्षांचा एक माणूस आपल्या फुलांच्या चित्रांपाशी उभा. आयुष्यभर दुसऱ्यांच्या घरी दाराबाहेर थांबलेल्या माणसाला लोक आपलं काम पाहायला येतात हे कसं वाटलं असेल, याची कल्पना मी कादंबरीकार असूनही धड करू शकत नाही.

पुढचं सारं सुरळीत झालं असं मात्र नाही. १९४४ साली गव्हर्नरचं पारितोषिक मिळालं. पण स्वातंत्र्यदिनाच्या मिरवणुकीचं मोठं थोरलं चित्र त्यांनी केलं, तेव्हा बॉम्बे आर्ट सोसायटीच्या प्रदर्शनात ते नाकारलं गेलं. त्या नकाराची ठिणगी सूझा यांच्यासारख्या तरुणांना लागली. १९४७ साली सूझा, रझा, आरा, हुसेन, गाडे आणि बाकरे असा सहा जणांचा प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप उभा राहिला, त्यामागच्या कारणांत हा नकारही होता. १९४९ साली मुंबईत त्यांचं एकत्रित प्रदर्शन झालं. आणि १९५२ साली त्याच बॉम्बे आर्ट सोसायटीनं आरांना सुवर्णपदक दिलं, दोन सुरयांच्या चित्रासाठी. मिरवणूक नको म्हणणाऱ्यांनी सुरया डोक्यावर घेतल्या. पुढं त्यांनी विवस्त्र स्त्रीदेहाची चित्रंही पुष्कळ केली. त्यावरून नाकं मुरडली गेली, आणि आजही मुरडणारे मुरडतात. त्या चित्रांतल्या बाया त्यांच्या मडक्यांसारख्याच भक्कम आहेत, एवढं सांगून मी पुढं जातो.

मला खरं मोठेपण दिसतं ते पुढच्या वर्षांत. सूझा लंडनला गेले, रझा पॅरिसला. आरा मुंबईतच राहिले आणि आर्टिस्ट्स सेंटरचा कारभार त्यांनी वर्षानुवर्षं सांभाळला. खिशात पैसे नसलेल्या नव्या चित्रकाराला तिथं भिंत मिळावी म्हणून हा माणूस झटत राहिला. स्वतःची पहिली भिंत कशी मिळाली, ते ते विसरले नसावेत.

३० जून १९८५ रोजी आरा मुंबईत वारले. त्या वर्षी मी फोर्टमधल्या शाखेत होतो. दुपारच्या सुट्टीत डबा संपवून कितीदा जहांगीरच्या पायऱ्यांवर जाऊन बसलो असेन. पाच मिनिटांच्या अंतरावर आर्टिस्ट्स सेंटर होतं. मी एकदाही चढून गेलो नाही. तेव्हा मला व्याजाचे दर तोंडपाठ होते, आरांचं नाव ठाऊक नव्हतं.

मुलानं सगळं ऐकून घेतलं. चहा गार झाला होता. मला वाटलं, तुरुंगाबद्दल विचारील, नाहीतर सुवर्णपदकाबद्दल. त्यानं विचारलं, हॉटेलात टांगलेली चित्रं भज्यांच्या धुरानं तेलकट होत नाहीत का? मी म्हणालो, होत असतील, काच लावावी लागेल. तीस काचांचा खर्च किती, हे आम्ही दोघांनी कागदावर मांडलं. मग त्यानं बारा चित्रं निवडली आणि अठरा बाजूला ठेवली. निवड त्याची, मी तोंड उघडलं नाही.

त्याच्या वडिलांशी मला अजून बोलायचं आहे. मुलगा मात्र काल टेप घेऊन बसस्टँडसमोरच्या हॉटेलाची भिंत मोजून आला. मालकाची एकच अट आहे. गणपतीचा फोटो हलवायचा नाही.