पेशींचे कोडे आणि अकोल्यातील मुले : डॉ. कमल रणदिवे

एकाच घरात, एकाच अन्नपाण्यावर वाढलेल्या दोघांपैकी एकाला कर्करोग होतो आणि दुसऱ्याला होत नाही, असे का? या प्रश्नाचा भारतातील प्रयोगशाळेत पाठपुरावा करणाऱ्या पहिल्या पिढीतील शास्त्रज्ञांत डॉ. कमल रणदिवे यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागते. मुंबईत कर्करोगावर संशोधन करणाऱ्या या विदुषीचे उत्तरायुष्यातील कार्य अहमदनगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यातील अकोले तालुक्यापर्यंत पोहोचले होते.

कमल समर्थ यांचा जन्म ८ नोव्हेंबर १९१७ रोजी पुण्यात झाला. वडील फर्ग्युसन महाविद्यालयात जीवशास्त्राचे अध्यापन करीत. मुलीने वैद्यकीय शिक्षण घ्यावे, अशी त्यांची इच्छा होती. हुजूरपागेत शिकलेल्या कमलताईंनी मात्र फर्ग्युसनमध्ये वनस्पतिशास्त्र व प्राणिशास्त्र हे विषय निवडले. पुढे पुण्याच्या कृषी महाविद्यालयात सीताफळाच्या कुळातील वनस्पतींच्या गुणसूत्रांचा अभ्यास करून १९४३ मध्ये त्यांनी पदव्युत्तर पदवी मिळविली. १९३९ मध्ये गणितज्ञ ज. त. रणदिवे यांच्याशी विवाह झाल्यानंतर त्यांचे कार्यक्षेत्र मुंबई झाले.

टाटा स्मारक रुग्णालयात विख्यात विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंत रामजी खानोलकर यांचे मार्गदर्शन त्यांना लाभले. १९४९ मध्ये मुंबई विद्यापीठाची पीएच.डी. संपादन केल्यावर त्या अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात जॉर्ज गाय यांच्याकडे गेल्या. शरीराबाहेर पेशी जिवंत ठेवून वाढविण्याचे तंत्र त्यांनी तेथे आत्मसात केले. परदेशात स्थिरावण्याऐवजी त्या मायदेशी परतल्या आणि मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात त्यांनी देशातील पहिली ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा उभारली. १९६६ ते १९७० या काळात केंद्राच्या संचालकपदाची धुराही त्यांनी वाहिली.

त्यांच्या संशोधनाचा गाभा होता तो स्तनांच्या कर्करोगाचा. त्यासाठी उंदरांच्या अंतःप्रजनित जाती वापरल्या जात. पिढ्यान्‌पिढ्या भावंडांचा संकर केल्याने अशा जातीतील उंदीर आनुवंशिकदृष्ट्या जवळजवळ एकसारखे होतात. मग एकाच पिंजऱ्यात, एकाच खाद्यावर वाढूनही एका जातीला गाठी होतात आणि दुसरीला होत नाहीत, तेव्हा फरकाचे मूळ जनुकांत शोधावे लागते. तथापि, केवळ जनुकांनी कोडे सुटत नाही. अंगभूत प्रवणता, संप्रेरके आणि गाठ निर्माण करणारा विषाणू यांचा परस्परसंबंध ओळखणाऱ्या आद्य संशोधकांत रणदिवे यांची गणना होते. कुष्ठरोगाच्या जंतूवरील त्यांचे कामही पुढे लसीच्या प्रयत्नांना उपयोगी पडले.

यकृताच्या कर्करोगाबाबत आज हीच दृष्टी मार्गदर्शक ठरत आहे. हेपॅटायटिस बी आणि सी, मद्यपान, यकृतातील चरबी तसेच बुरशी लागलेल्या शेंगदाण्यातील वा मक्यातील अफ्लाटॉक्सिन ही त्याची प्रमुख कारणे. २००८ मध्ये ‘पीएनपीएलए३’ या जनुकातील एका बदलाचा यकृतात साचणाऱ्या चरबीशी संबंध उघड झाला. हा बदल असणाऱ्यांत यकृताच्या कर्करोगाचा धोकाही वाढतो, असे नंतरच्या अभ्यासांतून दिसून आले. परंतु असा बदल म्हणजे अटळ भवितव्य नव्हे. जनुके बदलता येत नाहीत. लस, स्वच्छ साठवणीचे धान्य आणि मद्यापासून दूर राहणे मात्र माणसाच्या हाती आहे.

प्रयोगशाळेबाहेरच्या या बाजूचे भान रणदिवे यांना होते. १९७३ मध्ये भारतीय महिला शास्त्रज्ञ संघटनेच्या स्थापनेत त्यांनी पुढाकार घेतला. निवृत्तीनंतर, १९८९ मध्ये, अकोले तालुक्यातील सत्यनिकेतन संस्थेच्या साथीने त्यांनी आदिवासी मुलांच्या पोषणस्थितीची पाहणी हाती घेतली. ग्रामीण भागातील महिलांना आरोग्य व आहाराची माहिती देण्याचे कामही त्यांनी केले. सूक्ष्मदर्शकाखालील पेशीपासून मुलांच्या ताटातील घासापर्यंतचा हा प्रवास होता.

१९८२ मध्ये त्यांना पद्मभूषण किताबाने गौरविण्यात आले. २००१ मध्ये त्यांचे निधन झाले. रोगाचे बीज शरीरात असले, तरी त्याला खतपाणी परिस्थिती घालते, हे त्यांच्या कार्याचे सार आहे. म्हणूनच अकोल्याच्या डोंगराळ पाड्यांवरील त्यांची पाहणी प्रयोगशाळेतील संशोधनाइतकीच मोलाची ठरते.