शिखर काही पावलांवर होतं, तरी थोरो मागे का फिरला?

हेन्री डेव्हिड थोरो म्हटलं की दोन गोष्टी आठवतात. एक म्हणजे वॉल्डन तळ्याकाठचं त्याचं लाकडी घर आणि दुसरी म्हणजे सविनय कायदेभंग. गांधीजींनी १९०७ मध्ये दक्षिण आफ्रिकेत ‘इंडियन ओपिनियन’मधून ज्याच्या निबंधातला भाग छापला, तोच हा थोरो.

पण याच निसर्गवेड्या माणसाला एका डोंगरानं हादरवून सोडलं होतं. तो किस्सा फारसा सांगितला जात नाही.

थोरोचा जन्म १२ जुलै १८१७ चा, अमेरिकेतल्या कॉन्कॉर्ड गावचा. वडिलांचा पेन्सिली बनवण्याचा धंदा होता. १८३७ मध्ये तो हार्वर्डमधून पदवीधर झाला. १८४२ मध्ये त्याचा लाडका भाऊ जॉन धनुर्वातानं गेला. ४ जुलै १८४५ ला तो वॉल्डनकाठी राहायला गेला. पण हे काही घनदाट जंगल नव्हतं. आईचं घर पायी जाण्याइतकं जवळ होतं.

१८४६ च्या जुलैमध्ये त्याला एक रात्र तुरुंगात काढावी लागली. गुलामगिरी चालू देणाऱ्या सरकारला कर द्यायचा नाही, असं त्यानं ठरवलं होतं. पुढच्याच महिन्यात, ३१ ऑगस्टला, तो निघाला थेट मेन राज्यातल्या कटाडिन डोंगराकडे.

हा मेनमधला सर्वात उंच डोंगर, साधारण १६०६ मीटरचा. तिथे रस्ता नव्हता की पायवाट. पेनॉबस्कॉट आदिवासींच्या श्रद्धेनुसार शिखरावर पामोला नावाच्या शक्तीचा वास होता आणि वर चढणाऱ्यांवर ती कोपायची. ठरवलेले आदिवासी वाटाडे वेळेवर आलेच नाहीत. शेवटी नदीकाठी राहणारे दोन स्थानिक जाणकार सोबत आले आणि सहा जणांची ही टोळी होडीतून नदीच्या प्रवाहाविरुद्ध पुढे सरकली.

७ सप्टेंबरच्या संध्याकाळी सोबती मुक्कामाची सोय बघत होते, तेव्हा थोरो एकटाच ओढ्याच्या कडेनं वर चढून आला. दुसऱ्या दिवशी सकाळी तो सगळ्यांना मागे टाकून पुन्हा वर गेला. आता चढ म्हणजे नुसते सुटे दगड. वर पोहोचला तर चहूकडे ढग आणि बोचरा वारा. सर्वोच्च टोक त्याला दिसलंच नाही.

थांबला असता तर कदाचित ढग सरले असते. पण खाली सोबती वाट बघत होते आणि अंधार पडायच्या आत नदी गाठायची होती. थोरो मागे फिरला.

खरा धक्का उतरताना बसला. जळून मोकळ्या झालेल्या एका रानातून जाताना त्याला जाणवलं, की ही जमीन माणसासाठी बनलेलीच नाही. इथला निसर्ग आईसारखा मायाळू नाही आणि शत्रूही नाही. आपण असलो-नसलो तरी त्याला काहीच फरक पडत नाही. स्वतःचं शरीरही त्याला क्षणभर परकं वाटलं.

हा अनुभव त्यानं १८४८ मध्ये छापला. १८५३ आणि १८५७ मध्ये तो पुन्हा मेनच्या जंगलात गेला. १८५७ ला जो पोलिस या पेनॉबस्कॉट वाटाड्याकडून तो खूप काही शिकला. लाकडासाठी होणारी तोड बघून त्यानं राष्ट्रानंच जंगलं राखून ठेवावीत, अशी मागणी केली. यलोस्टोन हे पहिलं राष्ट्रीय उद्यान झालं १८७२ मध्ये. ते बघायला थोरो नव्हता. ६ मे १८६२ ला, वयाच्या ४४ व्या वर्षी, क्षयानं त्याचं निधन झालं होतं.

पुढे मेनचे माजी गव्हर्नर पर्सिव्हल बॅक्स्टर यांनी १९३० पासून कटाडिनभोवतीची जमीन तुकड्या-तुकड्यानं स्वतःच्या पैशानं विकत घेतली आणि राज्याला दिली. अट एकच, हे रान कायम रानच राहिलं पाहिजे. आज सुमारे ३५०० किलोमीटरची अपालाचियन पायवाट याच शिखरावर संपते.

थोरो मात्र त्या टोकावर कधीच पोहोचला नाही.