विश्लेषण : संगीत शिक्षक व्हायला परीक्षा कशासाठी? विष्णु दिगंबर पलुस्करांच्या आयुष्यातून समजून घ्या

लोणार : लोणारसारख्या तालुक्याच्या गावात पेटीवर अलंकार घोटणारी मुलगी आणि मुंबईत दादरला गाण्याच्या क्लासला जाणारा मुलगा यांची कधी भेट होत नाही. पण गांधर्वची परीक्षा द्यायची ठरवली, की दोघांसमोर एकच अभ्यासक्रम असतो. राग तेच, ताल तेच आणि लेखी पेपरही तोच. परीक्षकासमोर बसल्यावर तुमचे गुरू कोण, घराणे कोणते, हे आधी विचारले जात नाही. तुम्हाला काय येते, ते विचारले जाते.

आज ही गोष्ट साधी वाटते. सव्वाशे वर्षांपूर्वी ती तशी नव्हती. ती घडवण्यात ज्यांचे आयुष्य खर्ची पडले, ते होते पंडित विष्णु दिगंबर पलुस्कर.

परीक्षा नेमकी कशी असते?

अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा प्रारंभिकपासून सुरू होतात. त्यानंतर प्रवेशिका, मध्यमा, विशारद आणि अलंकार अशी चढण आहे. प्रवेशिका ते अलंकार या प्रत्येक टप्प्याचे प्रथम आणि पूर्ण असे दोन भाग आहेत. एप्रिल-मे आणि नोव्हेंबर-डिसेंबर अशी वर्षात दोन सत्रे होतात. गाण्याचा क्लास काढायचा किंवा संगीत शिक्षक म्हणून काम करायचे, तर विशारदपर्यंत पोहोचायचे, असा सर्वसाधारण प्रघात आहे.

तयारी दोन अंगांनी करावी लागते. एक प्रत्यक्ष गायन-वादनाची: बंदिश, आलाप, ताना, हातावर ताल देत ठेक्याचे बोल म्हणणे, त्याची दुगुन करणे, स्वर ऐकून राग ओळखणे. दुसरी लेखी: रागांची माहिती, व्याख्या, संगीतकारांची चरित्रे आणि स्वरलिपी. ही दुसरी बाजू अनेकांना नकोशी वाटते. छान गाता येते, मग लिहायचे कशाला? या प्रश्नाचे उत्तर पलुस्करांच्या बालपणापासून सुरू होते.

फटाक्याने शाळा सुटली

विष्णु दिगंबरांचा जन्म १८ ऑगस्ट १८७२ रोजी कुरुंदवाड येथे झाला. आज कोल्हापूर जिल्ह्यात असलेले हे गाव तेव्हा पटवर्धनांच्या संस्थानात होते. वडील दिगंबर गोपाळ कीर्तनकार होते, त्यामुळे गाणे घरातच होते. मुलगा मात्र शाळेत शिकत होता.

लहानपणी दत्तजयंतीच्या उत्सवात चेहऱ्याजवळ फटाका उडाला आणि डोळ्यांना इजा झाली. दृष्टी कायमची अधू झाली. शाळेचे शिक्षण थांबले. उपचारासाठी त्यांना मिरजेला नेण्यात आले. तेथील डॉ. भडभडे यांनी या मुलाला गाणे शिकवावे असे सुचवले आणि तो पंडित बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे दाखल झाला. ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रात रुजवली ती याच बाळकृष्णबुवांनी.

शिक्षण जुन्या पद्धतीचे होते. गुरूच्या घरी राहायचे, सेवा करायची, गुरू शिकवतील तेव्हा शिकायचे. वही नाही, अभ्यासक्रम नाही, किती वर्षे लागतील याचा हिशेब नाही. विष्णुबुवांनी तासन् तास रियाज केला आणि ते तयार गवई झाले.

मिरजेच्या दरबाराचा त्यांना आश्रय होता. पण गाण्याला दाद मिळते आणि गवयाला मान मिळत नाही, हे त्यांनी तिथेच पाहिले. एका समारंभाला त्यांना बोलावणे आले, पण त्यांच्या गुरूंना आले नाही. ही गोष्ट त्यांच्या मनाला लागली, असे त्यांच्या चरित्रात सांगितले जाते. १८९६ मध्ये त्यांनी मिरज सोडली.

कुरुंदवाडचा गवई लाहोरला कसा पोहोचला?

औंध, सातारा, बडोदा, ग्वाल्हेर, सौराष्ट्र, मथुरा असा त्यांचा प्रवास झाला. या प्रवासात त्यांनी एक वेगळा प्रयोग केला. राजाच्या दरबारात बिदागीसाठी गाण्याऐवजी त्यांनी सौराष्ट्रात तिकीट लावून जाहीर कार्यक्रम केला. तिकीट काढणारा माणूस कोणीही असू शकतो. आश्रयदात्याची मर्जी सांभाळण्यापेक्षा सामान्य श्रोत्यावर विसंबणे त्यांना पटले.

पुढे ते पंजाबात गेले. ५ मे १९०१ रोजी लाहोरमध्ये त्यांनी गांधर्व महाविद्यालय सुरू केले. एका संस्थानिकाच्या खजिन्यावर नव्हे, तर लोकांच्या देणग्या, फी आणि स्वतःच्या कार्यक्रमांच्या उत्पन्नावर ही शाळा चालणार होती. ठरलेली वेळ, वर्ग, टप्प्याटप्प्याने अभ्यासक्रम, परीक्षा आणि प्रमाणपत्र, अशी तिची रचना होती. मुली आणि स्त्रियांसाठीही शिक्षणाची सोय होती. चांगल्या घरातील बाईने गाणे शिकू नये असे मानले जाण्याचा तो काळ होता.

शिक्षक घडवणारा वर्ग

या शाळेत दोन वेगळ्या वाटा होत्या, आणि शिक्षक होऊ पाहणाऱ्यांसाठी हा मुद्दा सर्वात महत्त्वाचा आहे.

पहिली वाट फी भरून येणाऱ्यांची. नोकरी, शाळा सांभाळून ते ठरावीक वेळी शिकत. त्यातील प्रत्येक जण गवई होणार नव्हता. पण गाणे समजणारा श्रोता तयार होणार होता, आणि पलुस्करांना तोही हवा होता.

दुसरी वाट म्हणजे उपदेशक वर्ग. म्हणजे आजच्या भाषेत शिक्षक प्रशिक्षण. हे विद्यार्थी संस्थेतच राहत. राहणे, जेवण आणि शिक्षण यांचा खर्च संस्था उचलत असे. बदल्यात त्यांना अनेक वर्षे राहण्याचा करार करावा लागे. शिस्त कडक होती. गाण्याबरोबर शिकवण्याचा सराव आणि संस्थेची कामेही करावी लागत. शिकून तयार झाल्यावर त्यांनी इतर गावी जाऊन संगीत शिकवावे, ही अपेक्षा होती.

ओंकारनाथ ठाकूर, विनायकराव पटवर्धन, नारायणराव व्यास, बी. आर. देवधर ही नावे पलुस्करांच्या शिष्यांतली. यातील बहुतेकांनी मैफली गाजवल्याच, पण शिकवण्याचे कामही आयुष्यभर केले. ओंकारनाथ ठाकूर पुढे बनारस हिंदू विश्वविद्यालयात संगीताचे प्रमुख झाले. विनायकरावांनी १९३२ मध्ये पुण्यात गांधर्व महाविद्यालय सुरू केले.

स्वरलिपी का शिकावी लागते?

गुरू समोर नसेल तर बंदिश कशी लक्षात ठेवायची? शंभर किलोमीटरवरच्या दोन शिक्षकांनी एकच बंदिश सारखी कशी शिकवायची? यासाठी पलुस्करांनी स्वतःची स्वरलिपी तयार केली आणि संगीताची अनेक पुस्तके छापली. ज्यांची शाळा दृष्टीमुळे सुटली, त्यांनीच गाणे कागदावर आणण्याचा ध्यास घेतला.

त्याच काळात पंडित विष्णु नारायण भातखंडे वेगळ्या मार्गाने हेच काम करत होते. त्यांची स्वरलिपी वेगळी आहे. विद्यार्थ्यांचा गोंधळ होतो तो इथेच. मुख्य फरक असा :

- मंद्र सप्तक : भातखंडे पद्धतीत स्वराखाली टिंब, पलुस्कर पद्धतीत स्वरावर टिंब.
- तार सप्तक : भातखंडे पद्धतीत स्वरावर टिंब, पलुस्कर पद्धतीत स्वरावर उभी रेघ.
- कोमल स्वर : भातखंडे पद्धतीत स्वराखाली आडवी रेघ, पलुस्कर पद्धतीत हलन्ताची खूण.
- सम आणि काल : भातखंडे पद्धतीत सम फुलीने आणि काल शून्याने, पलुस्कर पद्धतीत सम एकच्या आकड्याने आणि काल अधिकच्या चिन्हाने.

म्हणजे स्वरावरचे टिंब एका पद्धतीत तार, तर दुसऱ्या पद्धतीत मंद्र दाखवते. उत्तर लिहिताना आधी पद्धतीचे नाव लिहावे, मग खुणा कराव्यात.

कर्ज, लिलाव आणि नाशिक

१९०८ मध्ये मुंबईत गांधर्व महाविद्यालयाची शाखा निघाली. पुढे मुंबई हेच मुख्य केंद्र बनले. सँडहर्स्ट रोडवर संस्थेची स्वतःची इमारत झाली, पण ती कर्जावर उभी होती. विद्यार्थ्यांचा खर्च, पुस्तकांची छपाई आणि व्याज यांचा मेळ बसेना. बुवा कार्यक्रम करून पैसे उभे करत आणि ते संस्थेत ओतत. अखेर १९२४ च्या सुमारास ती इमारत हातची गेली.

तोवर त्यांचा ओढा रामभक्तीकडे वाढला होता. त्यांनी नाशिकला आश्रम काढला आणि तिथे रामनाम, भजन व शिकवणे सुरू ठेवले. घरातही दुःख होते. अनेक मुले लहानपणीच गेली. १९२१ मध्ये जन्मलेला दत्तात्रेय तेवढा जगला. २१ ऑगस्ट १९३१ रोजी मिरजेत विष्णु दिगंबरांचे निधन झाले, तेव्हा तो दहा वर्षांचा होता. या मुलाला पुढे विनायकराव पटवर्धन आणि नारायणराव व्यास यांनी शिकवले. वडिलांनी घडवलेल्या शिक्षकांनी त्यांच्याच मुलाला घडवले. डी. व्ही. पलुस्कर म्हणून तो देशभर गाजला.

इमारत गेली, मग उरले काय?

माणसे उरली. गुरूंच्या निधनानंतर काही महिन्यांतच, १९३१ च्या डिसेंबरमध्ये, शिष्य अहमदाबादला एकत्र आले आणि गांधर्व महाविद्यालय मंडळाची स्थापना केली. गावोगावच्या संगीत शाळांना एक अभ्यासक्रम आणि एक परीक्षा देणे हे या मंडळाचे काम झाले. पुढे भारत सरकारने १९७३ मध्ये पलुस्करांवर टपाल तिकीट काढले.

या पद्धतीवर टीका होतेच. वर्गात बसून आणि पेपर लिहून गवई तयार होत नाही, हा आक्षेप जुना आहे. त्यात तथ्यही आहे. खुद्द पलुस्करांचे नामवंत शिष्य आठवड्यातल्या दोन तासांवर तयार झाले नव्हते. ते वर्षानुवर्षे गुरूजवळ राहिले होते. परीक्षा रियाजाची जागा घेऊ शकत नाही.

पण परीक्षेमुळे दुसरे काहीतरी होते. संगीताच्या घराण्यात न जन्मलेल्या, मोठ्या गुरूपर्यंत न पोहोचलेल्या मुलीलाही आपली विद्या सिद्ध करता येते. लोणार असो, मेहकर असो की मुंबई, मोजमाप सारखेच राहते. उद्या तिच्याकडे पहिली विद्यार्थिनी शिकायला आली, तर कोणता राग आधी घ्यायचा, बंदिश वहीत कशी उतरवून द्यायची, हे तिला माहीत असते. लेखी पेपरचा कंटाळा आला, की शिक्षक होऊ पाहणाऱ्याने एवढे लक्षात ठेवावे : गाता येणे स्वतःसाठी पुरते, दुसऱ्याला शिकवायचे तर ते मांडताही यावे लागते.